घे गो बाय, तुझो वाटो!

पुण्यात एकाच फ्लॅटमध्ये चार वर्षं राहिले, पण समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे शेजाऱ्यांबद्दल मला काही माहीत नव्हतं. आणि मालवणात पहिल्याच सकाळी तिघांनी विचारलं, "खंय चल्लंस?"

फ्रीलान्सर माणूस, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू! म्हणून सप्टेंबरात दांडी किनाऱ्याजवळ तीन महिन्यांसाठी खोली घेतली. सुरुवातीला या 'खंय चल्लंस'ने डोकं उठवलं. मी आपली सविस्तर सांगत बसायचे... आधी एटीएम, मग झेरॉक्स, मग भाजी. चार दिवसांनी कळलं, एवढं उत्तर कुणाला नकोच असतं. 'हयसरच' म्हटलं की झालं. आपल्या 'हाय, काय चाललंय'सारखंच हे!

बाकीचे धडे जेवणातून मिळाले. तिरफळं चावायची नसतात, हे जीभ बधिर झाल्यावर समजलं. सोलकढी स्टार्टर म्हणून मागितली, तेव्हा घरमालकीण काकी नुसत्या हसल्या. पण त्यांनी उसळ दिलेलं भांडं मी लख्ख घासून परत केलं, तेव्हा मात्र हसल्या नाहीत. "रिकामा भांडा कित्याक हाडलंस गो?" एवढंच म्हणाल्या.

भरून देणार काय? मॅगी? त्या दिवसांत खिसाही रिकामाच होता. एका ऑफिसकडे माझं तीन महिन्यांचं मानधन अडकलेलं. 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य मला पाठ झालं होतं. काकींना भाडं कुठून द्यायचं, या काळजीने झोप उडालेली.

अशाच एका पहाटे किनाऱ्यावर गेले, तर रापण लागलेली. होडीतून समुद्रात जाळं अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. मी फोटो काढत होते. कुणीतरी ओरडलं, "बघतंस काय, ओढ!"

ओढलं. तळहात सोलले, जीन्स भिजली. जाळ्यात बांगडे फडफडत होते. वाळूवर वाटे लागले आणि एका म्हाताऱ्या काकांनी सात-आठ बांगडे माझ्यापुढे ठेवले. "घे गो बाय, तुझो वाटो."

सवयीने फोन काढला. "काका, जीपे करू?"

त्यांचा चेहराच उतरला. "दोरी ओढलंस मा? मगे पैशे कसले?"

खरं सांगते, तिथेच रडू आलं. ज्याचा हात लागला त्याचा वाटा, हा रापणीचा हिशेब. ना इन्व्हॉइस, ना फॉलोअप! आणि मासळी काही फार नव्हती. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले, त्यामागे अशाच पारंपरिक मच्छीमारांची ओरड होती. तरी त्या थोडक्यातून माझा वाटा कुणी गाळला नव्हता.

बांगडे काकींच्या भांड्यात घालून दिले आणि भाड्याचंही एकदाचं बोलून टाकलं. "पैशे इले काय दी," म्हणत त्या बांगडे साफ करायला बसल्या.

डिसेंबरात पैसे आले, भाडं चुकतं केलं. निघताना म्हटलं, "काकी, जाते."

"जातंय म्हणा नको गो, येतंय म्हण."

"येतंय," म्हटलं.

पुण्यात पोचल्यावर समोरची बेल वाजवली. साखळी लावूनच दार उघडलं गेलं. मी काकींनी दिलेल्या आमसुलांचा एक डबा आत सरकवला. परत येईल तेव्हा रिकामा असेल की भरलेला... बघू!