संध्याकाळी अडणारे पाऊल



पेडणे आणि डिचोलीच्या वाड्यांवर आम्ही आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा प्रार्थनेची विनंती बहुतेक वयस्कांसाठी असते. गुडघे, साखर, मोतीबिंदू. या पावसाळ्यात मात्र सोळा वर्षांच्या एका मुलीने आम्हांला पडवीत बाजूला घेऊन विचारले, "आंटी, ही गोळी घेतली तर माझा देवावर विश्वास नाही, असं होतं का?"

तिचे दुखणे जरा विचित्र आहे. सकाळी ती सरळ चालत शाळेला जाते. दुपारनंतर डावे पाऊल आत वळू लागते आणि तिन्हीसांजेला विहिरीपर्यंत जाणेही जड होते. रात्री झोप झाली की पुन्हा बरी. त्यामुळे कितीतरी दिवस घरातल्यांनाच वाटायचे की पोर कामाच्या कंटाळ्याने नाटक करते. बांबोळीला गोमेकॉत मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा नाव कळले: डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया. मासाया सेगावा या जपानी डॉक्टरांनी १९७० च्या दशकात या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला सेगावांचा आजारही म्हणतात. हालचालींवर ताबा ठेवण्यासाठी मेंदूला लागणारे डोपामाइन नावाचे द्रव्य अशा मुलांत कमी तयार होते. झोपेनंतर ते थोडे भरून निघते, दिवसभरात सरत जाते. म्हणजे पोर नाटक करत नव्हती. हे आजीला समजले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

औषध आहे लेव्होडोपा, सोबत कार्बिडोपा. मुलीने मोबाईलवर नाव शोधले आणि घाबरली, कारण जिथे तिथे पार्किन्सन. शेजारच्या घरातले आजोबा हीच गोळी घेतात आणि त्यांच्या हातातली चहाची बशी थरथरते. "मी पण तशी होणार?" तिने पुढच्या तारखेला डॉक्टरांना हेच विचारावे म्हणून आम्ही तो प्रश्न कागदावर लिहून दिला. उत्तर सोपे निघाले. पार्किन्सनमध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात. हिच्या पेशी शाबूत आहेत, फक्त माल कमी तयार होतो. म्हणून थोड्या मात्रेत काम भागते, आणि पार्किन्सनच्या रुग्णांना काही वर्षांनी या औषधामुळे जे झटके येऊ लागतात ते या आजारात सहसा येत नाहीत. सुरुवातीला मळमळ होऊ शकते. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही.

आता आजीची गोष्ट. तिला गोळीपेक्षा खाजकुयलीचा भरवसा. आपल्या डोंगरात, कुंपणांवर चढणारी ती वेल सगळ्यांना माहीत आहे. शेंगेची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार. यात आजी अगदीच चुकीची नव्हती. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा वेगळे काढले होते, आणि १९७८ मध्ये वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर या बियांच्या उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला. आयुर्वेदात तर कपिकच्छू फार जुनी. पण कुठल्या बीत किती द्रव्य आहे हे घरी मोजता येत नाही. वर गोळी चालू असताना चूर्णही घेतले तर मात्रा कुठच्या कुठे जाईल. आजीला हे पटले, कारण मिठाचा हिशेब तिला कुणी शिकवायला नको. "म्हणजे तीच वस्तू, मोजून दिलेली," ती म्हणाली. आम्हांला इतके नेमके सांगता आले नसते.

राहिला विश्वासाचा प्रश्न. कुणीतरी तिला सांगितले होते की प्रार्थनेवर सोडायचे तर गोळ्या फेकून दे. असे सांगणाऱ्यांचा आम्हांला राग येतो, हे इथे लपवत नाही. पवित्र शास्त्रात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय काढून पाहा. हिज्किया राजा मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना करत होता. देवाने प्रार्थना ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांची ढेप आणवून गळवावर बांधायला लावली. अंजीर बांधल्याने प्रार्थना खोटी ठरली नाही. आम्ही तो अध्याय तिला मोठ्याने वाचायला सांगितला. अंजिरांपाशी येताच ती हसली.

आता तिसरा महिना चालू आहे. लेव्होडोपा आणि प्रथिने यांचे पटत नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी, पोट रिकामे असताना घ्यायला सांगितली आहे. आपल्याकडे दुपारचे जेवण म्हणजे मासे, तेव्हा ताट वाढण्याआधी आजीच घड्याळाकडे बघते. गेल्या आठवड्यात मुलगी संध्याकाळी विहिरीवर जाऊन अर्धी घागर घेऊन आली. पूर्ण घागर आई अजून उचलू देत नाही.

पुढच्या तपासणीला तिला बांबोळीला जायचे आहे. पहाटेच्या बसला गर्दी असते आणि उभे राहून तिचे पाऊल लवकर दुखते. डिचोलीहून त्या बाजूला सकाळी गाडीने जाणारे कुणी असेल आणि दोन जागा रिकाम्या असतील, तर रविवारी मिस्सेनंतर आम्हांला जरूर भेटा.