धुराडे नसलेला उद्योग

गिरणी बंद पडली तर मागे धुराडे तरी उरते. आमच्या गोंदियातील विडीचा कारखाना म्हणजे घराघराची ओसरी: मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पाने, तंबाखू, दोरा, मजुरी हजारी हिशेबाने. एकेक सूप खुंटीला गेले आणि अवशेष म्हणून काहीच उरले नाही. गिरणगावाला निदान नारायण सुर्वे लाभले! पुनरुज्जीवनाच्या चर्चेत आता भातगिरण्या येतात, तिरोड्याचे वीजकेंद्र येते. ओसरीवरच्या बाया येत नाहीत. तेच काम परतावे असे आम्ही म्हणणार नाही. तंबाखूची धूळ आम्ही पाहिली आहे. परंतु २०१३ साली वनहक्क कायद्याच्या आधारे जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी आपला तेंदूपत्ता स्वतः विकला. लिलाव वनखात्याने नव्हे, गावाने केला. ही सुरुवात आम्हांला त्या वीजकेंद्राहून मोलाची वाटते.