दूरदेशीची पत्रे

दारिद्र्याचे वर्णन करणे फारसे अवघड नाही. परंतु ज्याच्या घरी ते नांदते त्यालाच ते वर्णन वाचून दाखविण्याचा धीर किती लेखकांस होईल, हा प्रश्न अलीकडे आमच्या मनात वारंवार येतो. सेवेसाठी परमुलखात गेलेला मनुष्य घरी पत्र लिहितो, तेव्हा त्या पत्राशी दोघांचा संबंध असतो. एक, ज्याला ते जाते तो. आणि दुसरा, ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते तो. दुसऱ्याच्या हाती पत्र कधीच पडत नाही, आणि म्हणून लिहिणाऱ्यास त्याचा सहज विसर पडतो.

आम्हां वऱ्हाडकरांनी हे दुसरेपण एकदा भोगलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मिशनऱ्यांनी अकोल्यास ठाणे दिले. परतवाड्याजवळ कोठारा येथे महारोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय उभे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांत मिशनऱ्यांनी पोरक्या मुलांना पोटाशी धरले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अकोल्यास काम केलेल्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह आणि वैधव्य यांविषयी त्यांनी जे लिहिले ते खोटे होते असे म्हणण्याची सोय रमाबाईंनीच ठेवलेली नाही. ते सारे खरे होते. मग मनाला खुपते ते काय?

खुपते ते एवढेच, की त्या काळच्या परक्या पाहुण्याने आमच्या आजीचे घर पाहिले असते, तर त्याला मातीच्या भिंती, धुराने काळवंडलेले आढे आणि अनवाणी पोरे दिसली असती, पण आजी दिसली असतीच असे नाही. आजीचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी इतके खारट, की त्यात डाळ शिजता शिजत नसे. गोड पाणी दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे. घरात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि चुलीत जाळायला पऱ्हाट्या. परंतु कोपऱ्यात गोड पाण्याचे एक लहान मडके निराळे असे. त्यातले पाणी तान्ह्या मुलाला आणि पाहुण्याला. आजी स्वतः जन्मभर खारे पाणी प्यायली. कोणी विचारले तर म्हणे, "पाव्हन्याले खारं पानी द्याव काय?" तिला कोणी गरीब म्हटले असते, तर तिने त्या माणसाला आधी पाणी दिले असते आणि मग चांगले खडसावले असते.

शिवाय या गरिबीला एक हिशेब होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते ६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. अमरावती, अकोला आणि खामगाव येथील गठाणी मुंबईच्या बंदराकडे वाहू लागल्या. तो कापूस वेचणाऱ्या बाईच्या लुगड्याची ठिगळे मात्र कमी झाली नाहीत. दारिद्र्य म्हणजे काही हवामान नव्हे; त्याची जमाखर्चाची वही कोठेतरी असतेच. तिच्याकडे न पाहता केवळ ठिगळांचे वर्णन करणे म्हणजे अर्धेच पत्र लिहिणे होय.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे. आमची एक भाची परिचारिका असून दोन वर्षांपूर्वी ती पूर्व आफ्रिकेतील एका खेड्यातल्या दवाखान्यात सेवेसाठी गेली. तिची पहिली पत्रे घरात सर्वांसमोर वाचली गेली. मातीची घरे, दूरचे पाणी, अनवाणी मुले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, कोणी "बिचारे!" म्हणाले, कोणी जुने कपडे पाठविण्याची भाषा केली. त्यांच्या कळवळ्यात खोट नव्हती. परंतु तो "बिचारे" शब्द ऐकताच आम्हां उभयतांस आजीचे मडके आठवले. कोण्या एके काळी सातासमुद्रांपलीकडच्या एखाद्या दिवाणखान्यात हाच शब्द तिच्यासारखीविषयी उच्चारला गेला असेल!

आम्ही भाचीला उत्तर धाडले. "बाळ, तू जे लिहितेस ते खरे आहे, पण अपुरे आहे. शेजारीण कोण, ती काय रांधते, कोणाशी भांडते, तिला अभिमान कशाचा, तिच्या शेतातले पीक कोण नेते आणि काय भावाने, तेही लिही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. ज्या ज्वारीवर तुझ्या पणजीचा पिंड पोसला, ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच इकडे आली. तू परक्यांच्या घरी गेलेली नाहीस. जिथून आपल्याला भाकरी मिळाली त्या घरी गेली आहेस."

सेवा करणाऱ्याने कसे पाहावे, याचे धडे वऱ्हाडात घरचेच आहेत. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्या कीर्तनात ते प्रश्न विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांनीच द्यावयाचे. ज्याची कीव करावयाची त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. ज्याच्या बुद्धीवर विश्वास असतो त्यालाच विचारतात. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, तेही याच वृत्तीने. समाजाने टाकलेल्या महारोग्याने भिक्षेवर न जगता कामाने जगावे, हा त्यांचा आग्रह. मलमपट्टी तर हवीच. पण तिच्यामागून येणारा मान न मिळाला, तर जखम भरूनही मनुष्य टाकलेलाच राहतो.

भाचीचे पुढचे पत्र बरेच लांब आले. त्यात एक शेजारीण होती, जी औषधाच्या बदली अंडी आणून देते आणि घेतली नाहीत तर रागावते. जी आमच्या भाचीच्या पातळ लापशीला नावे ठेवते. शेवटी लिहिले होते, की हे पत्र पाठविण्यापूर्वी तिने ते त्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखविले. बाईने सारे लक्षपूर्वक ऐकले आणि एकच दुरुस्ती सुचविली: शेळ्या तीन नव्हेत, पाच आहेत.