दर्याचा नारळ

पाम हाऊस म्हटले की डोळ्यांपुढे काचेचा महाल येतो. लंडनच्या क्यू उद्यानात तसा आहेच. तिथल्या थंडीत ताडामाडांना ऊब हवी ना! पण हुगळीकाठी, हावड्याच्या शिबपूरला काच लावली असती तर झाडे उकडूनच निघाली असती. 1787 साली कर्नल रॉबर्ट किड यांनी सुरू केलेल्या इथल्या वनस्पती उद्यानात मोठे पाम हाऊस आहे, त्याला लोखंडी सांगाडा, जाळी आणि वेली. आत हिरवी, ओलसर सावली.

2003 साली सासूबाईंना मी तिथे नेले. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना रत्नागिरीहून कोलकात्याला आणले होते. बंगाली येत नाही, शेजारी मराठी माणूस नाही. दिवसचे दिवस त्या खिडकीशी बसून असत. उद्यानातला प्रसिद्ध वटवृक्ष पाहून "मोठा आहे हो" एवढेच म्हणाल्या.

पाम हाऊसमध्ये मात्र त्या थबकल्या. पंख्यासारख्या अवाढव्य पानांचा एक माड होता. सेशेल्स बेटांवरचा, 1894 साली लावलेला. जगातले सर्वांत मोठे बी याचेच. पूर्वी ही फळे समुद्रात वाहत येत, तेव्हा ती पाण्याखालीच पिकतात असा समज होता.

"अगं, हा तर दर्याचा नारळ! आमच्याकडे औषधाला उगाळायचे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माळ्याला चक्क मराठीत विचारले, "याला नारळ कुठे आहेत?"

तो हिंदीत म्हणाला, यात नर-मादी झाडे वेगळी असतात. ही मादी, नर इथे नाही. फुलायलाच तिला शंभरेक वर्षे लागली होती.

"म्हणजे एकटीच!" सासूबाई म्हणाल्या. मग आपले आगर, पाडेली, शिंपणे असे कितीतरी सांगत राहिल्या. माळी मान डोलवत होता. त्याला किती कळले देव जाणे. परतताना बसमध्ये, "ह्यांनी लावलेल्या माडाला पहिला नारळ धरला तेव्हा..." असे म्हणून त्या पहिल्यांदाच सासऱ्यांविषयी बोलल्या. मी नुसती ऐकत होते.

पुढे त्या माडासाठी श्रीलंकेतून पराग आणले, ते साधले नाही. थायलंडच्या परागांनी मात्र फळ धरले. 2020 साली फळ उतरवल्याची बातमी आली, तोवर झाडाला बुरशी लागली होती. सासूबाई तेव्हा रत्नागिरीला परतल्या होत्या. मी फोनवर बातमी वाचून दाखवली.

"ते सगळं राहू दे," त्या म्हणाल्या, "नारळ रुजत घातला की नाही, तेवढं विचार."