चिमीचा ट्रॅक्टर

दसरा झाला की आमच्या लातूरकडे सोयाबीनची घाई सुटते. शेंगा तडकायच्या आत रास घरी यायला हवी, त्यात परतीच्या पावसाची धास्ती. घरातलं झाडून सगळं माणूस रानात, म्हणजे चार वर्षांची चिमीही रानातच. तिला बाहुली नको, मोबाइल नको. बाबाशेजारी मडगार्डवर बसायचंय. गावात सर्रास बसवतात, वर कौतुकाने फोटो काढतात! मडगार्ड ही काय पोराची बसायची जागा झाली? आणि मळणीयंत्र जोडलं की ते फिरवणारा मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. ओढणीचं टोक अडकलं तर ओरडायलाही सवड मिळत नाही.

म्हणून आमच्यात तह झालाय. न्याहारीला यंत्र थांबलं, ब्रेक लागला, चावी बाबाच्या खिशात गेली, की स्टिअरिंग चिमीचं. इंजिन तोंडाने, हॉर्नही तोंडाने. औसा, निलंगा करत गाडी आजीपाशी येते आणि चिमी तिकिटाचे पैसे मागते. ट्रॅक्टरला कसलं तिकीट? पण आजी मुकाट सोयाबीनचे दाणे मोजून देते. सुट्टे नसले तर भांडणही होतं. न्याहारी आटोपली की चिमी आजीबरोबर लिंबाखाली, यंत्रापासून लांब. रडते थोडी, मग भुसात लोळते.

यंदा रास करताना एक जाणतं माणूस फक्त पोरांसाठी मोकळं ठेवा, आणि त्याचीही मजुरी धरा.