आपल्याच तोफा

युद्धाच्या हकिगती वाचण्याचा छंद आम्हांला आहे, हे आमच्या कचेरीतील मंडळींना कळले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली. दिवसभर नस्त्यांच्या गठ्ठ्यांत मान घालून बसणाऱ्या माणसाने रात्री तोफखान्याच्या माऱ्याचे आराखडे चाळीत बसावे, ही गोष्ट विसंगत वाटण्याजोगीच आहे. आम्हांला मात्र ती तशी वाटत नाही. पायदळाच्या मदतीला तोफखाना, आरमार आणि विमानदल या तिघांना एकाच वेळी, एकाच जागी आणि एकमेकांच्या अंगावर न पडता आणणे, हे काम जितके शौर्याचे आहे तितकेच कारकुनीचे आहे, असे आमचे प्रामाणिक मत झाले आहे. त्यात वेळापत्रके असतात, नकाशावरच्या रेषा असतात, कोणत्या रेषेच्या अलीकडे कोणाची संमती लागते याचे नियम असतात. आणि एखादा निरोप वेळेवर पोचला नाही तर काय होते, याचा हिशेबही असतो. तो हिशेब मात्र आमच्या कचेरीतल्यासारखा पुढच्या तारखेवर ढकलता येत नाही.

विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पायदळाच्या शिपायाला शत्रू दिसतो, पण त्याच्या हाती बंदुकीपलीकडे फारसे काही नसते. तोफ कित्येक मैल मागे असते. तिच्यावरच्या गोलंदाजाला शत्रू बहुधा दिसतच नाही. या दोघांच्या मध्ये एक निरीक्षक अधिकारी असतो. तो पायदळाबरोबर पुढे जातो, गोळा कुठे पडला ते दुर्बिणीतून पाहतो आणि 'शंभर वार पुढे', 'पन्नास वार डावीकडे' असे मागे कळवीत राहतो. तोफ एकदा रोखली तरी तिचे सगळे गोळे एकाच खड्ड्यात पडत नाहीत. नळी झिजलेली असते, दारू दमट झालेली असते, वरच्या हवेत वारा निराळा असतो. त्यातही गोळे आडवे फारसे पांगत नाहीत, मागेपुढे पांगतात. तेव्हा शिपायांच्या डोक्यावरून चाललेल्या माऱ्यात एखादा गोळा आखूड पडला, तर तो कोणावर पडणार हे सांगायला नको.

युद्धनौकेच्या बाबतीत ही पंचाईत अधिक. तिच्या तोफांचा गोळा फार सपाट जातो, त्यामुळे टेकडीच्या पाठीमागे दडलेल्या शत्रूला तो सहसा लागत नाही. शिवाय नौका स्वतःच हलत असते. म्हणून जाणते अधिकारी तिला शक्य तो अशा ठिकाणी उभी करवतात, की तिचा मारा आपल्या आघाडीला समांतर जावा. विमानाला वरून सगळेच दिसते, पण त्यातले आपले कोणते आणि परके कोणते हे ओळखता येत नाही. आणखी एक अडचण अशी, की तोफेच्या गोळ्याची कमान ज्या आकाशातून जाते त्याच आकाशातून विमानालाही यायचे असते. मग तोफांनी अमुक मिनिटे गप्प बसावे, किंवा विमानांनी अमुक बाजूनेच यावे, असा तह आधीच करून ठेवावा लागतो. आमच्या वसाहतीपुढचा रस्ता एका खात्याने बुजवताच दुसरे खाते तो खोदते. त्या रस्त्यावरून रोज ठेचकाळत जाणाऱ्या माणसाला या तहाची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही.

नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी जे घडले ते या दृष्टीने मननीय आहे. सकाळी चारशेंहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमाने किनाऱ्यावरची ठाणी उद्ध्वस्त करण्यासाठी आली. आकाश ढगाळ होते. खाली आपल्याच होड्या किनाऱ्याकडे निघालेल्या. त्यांच्यावर बॉम्ब पडू नयेत म्हणून वैमानिकांनी काही सेकंद थांबून मग बॉम्ब सोडावेत, असे ठरले होते. त्या काही सेकंदांत विमाने किनारा ओलांडून गेली आणि बॉम्ब आतल्या शेतांत पडले. ठाणी जशीच्या तशी राहिली. आरमाराचा मारा जेमतेम चाळीस मिनिटे झाला. नौकांना निशाणे कळवण्यासाठी जी पथके किनाऱ्यावर उतरली, त्यांची माणसे पडली, यंत्रे पाण्यात बुडाली. तेव्हा अमेरिकन विनाशिकांचे कप्तान तळ वाळूला टेकेल की काय इतक्या जवळ आले. 'कार्मिक' नावाच्या विनाशिकेवरच्या लोकांनी पाहिले, की किनाऱ्यावर अडकलेले आपले रणगाडे कड्यावरच्या एका जागेवर गोळे टाकीत आहेत. त्यांनीही आपल्या तोफा त्याच जागेवर रोखल्या. कोणी कोणाला शब्द पाठवला नव्हता. आम्हांला ही हकीगत फार आवडते, आणि ती वाचताना प्रत्येक वेळी थोडी भीतीही वाटते. कारण त्या दिवशी त्यांची समजूत बरोबर निघाली.

ती चुकली असती तर काय, याचे उत्तर त्याच नॉर्मंडीत सात आठवड्यांनी मिळाले. सेंट लो गावाजवळच्या एका सरळ रस्त्याच्या पलीकडे शत्रू होता, अलीकडे अमेरिकन पायदळ. विमानांनी रस्त्याला समांतर यावे, म्हणजे आखूड पडलेला बॉम्बही शत्रूच्याच बाजूला पडेल, अशी सेनापती ब्रॅडली यांची अपेक्षा होती, आणि तसे ठरले आहे असे त्यांना वाटत होते. विमानदलाचे म्हणणे असे, की इतक्या अरुंद पट्टीतून एवढी विमाने ठरलेल्या वेळात आडवी नेताच येणार नाहीत. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. बैठक संपली ती दोघांनी दोन निराळे निर्णय मनात घेऊन. विमाने पायदळाच्या डोक्यावरून आली. २४ जुलैला काही बॉम्ब आपल्यांवर पडले. २५ जुलैला पुन्हा पडले आणि १११ माणसे ठार झाली. त्यांत लेस्ली मॅकनेअर हे लेफ्टनंट जनरलही होते. बैठकींची टिपणे लिहिण्यात आमची दहा वर्षे गेली आहेत. 'सर्वानुमते ठरले' हे शब्द लिहिताना आता हात जरा थांबतो.

परंतु आमचे चित्त ज्या नदीपाशी घुटमळते ती नॉर्मंडीत नाही, इटलीत आहे. सेन्यो ही पात्राने अगदी लहान नदी. पाणी पंधराएक फूट रुंद, चार-पाच फूट खोल. पण दोन्ही तीरांवर पुराचे उंच बांध, आणि त्या बांधांत जर्मनांनी खणलेली बिळे. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या हिंदी डिव्हिजनला आणि तिच्या शेजारी न्यूझीलंडच्या सैन्याला ती ओलांडायची होती. आघाडीची माणसे शत्रूच्या इतकी लगत होती, की भडिमारापूर्वी त्यांना काही शे वार मागे घ्यावे लागले. आधी आठशेंवर अवजड विमानांनी बॉम्ब टाकले. एक वर्षापूर्वी कॅसिनोच्या वेळी काही विमानांनी कित्येक मैल मागे असलेल्या व्हेनाफ्रो गावावर बॉम्ब टाकून आपलीच माणसे मारली होती. तो अनुभव लक्षात ठेवून या वेळी विमानविरोधी तोफांनी आकाशात धुराच्या गोळ्यांची एक रांगच उभी केली. या रांगेच्या अलीकडे बॉम्ब टाकू नये, अशी ती खूण. इतके करूनही काही बॉम्ब पोलिश सैन्यावर पडलेच.

मग दुपारी तीन वाजून वीस मिनिटांपासून संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तोफखान्याने पाच वेळा भडिमार केला. प्रत्येक वेळी भडिमार थांबे, लहान विमाने झेपावत, आणि आता पायदळ येणार म्हणून जर्मन बिळांतून बाहेर पडून बंदुका सरसावत. पायदळ येत नसे. पुन्हा तोफा सुरू होत. शेवटच्या खेपेला विमाने झेपावली पण त्यांनी काहीच टाकले नाही. शत्रू माना खाली घालून बसला असताना पायदळाने बांध गाठला. तोफा, विमाने आणि माणसे यांची अशी सांगड आम्ही दुसरीकडे कमीच वाचली आहे.

आणि तरीही समोरच्या बांधातल्या मशीनगनी जिवंतच राहिल्या होत्या. मराठा पलटणीची एक लहान तुकडी नदी ओलांडून पलीकडे गेली ती जवळजवळ सगळी पडली. तिच्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव होते. कंपनीचा निरोप्या, म्हणजे निरोप नेणारा शिपाई, हे त्यांचे काम. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून परत आणले. मग पुन्हा जाऊन एक मशीनगन ठाणे बंद पाडले, आणि हाताला जखम झाल्यावर हातबॉम्बांनी आणखी दोन बंद पाडली. आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करून मागच्या कंपन्यांना हाताने बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, सरहद्दीकडच्या अली हैदर या शिपायालाही तो मिळाला.

आमचे पणजोबा इटलीत मराठा पलटणीतच होते. त्यांच्याकडे तारेचे काम असे. कंपनीपासून पलटणीच्या ठाण्यापर्यंत टेलिफोनची तार टाकायची, आणि गोळ्याने तुटली की अंधारात हाताने चाचपत जाऊन ती जोडायची. शेजारच्या गावचा एक शिपाई त्यांचा जिवलग मित्र होता. तो सेन्योच्या आधीच्या हिवाळ्यात एका रात्री मारला गेला. घरी कळवले ते इतकेच, की शत्रूच्या गोळ्याने वीरमरण आले. १९४६ साली पणजोबा परतले तेव्हा मित्राची पेटी त्याच्या घरी पोचवायला गेले. त्या माउलीने स्वयंपाक केला होता. पणजोबांनी पेटी ओटीवर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि न जेवता निघून आले. फौजेत जाऊन याला गर्व चढला, असे त्या घरात पुढे कित्येक वर्षे बोलले जाई. दोन्ही घरांचे येणेजाणे त्या दिवसापासून थांबले.

खरी गोष्ट पणजोबांनी आयुष्यात एकदाच, आमच्या आजोबांना सांगितली आणि आजोबांनी आम्हांला. त्या रात्री कंपनी ठरल्या जागेपासून शंभरेक पावले पुढे सरकली होती. बिनतारी यंत्र भिजून मुके झाले होते. पुढे आल्याचा निरोप तारेवरूनच जायचा, आणि तार तुटलेली. पणजोबा ती शोधीत चिखलात रांगत होते. दोन टोके हाती लागून जोडली जाईपर्यंत मागच्या तोफांनी कंपनीच्या जुन्या जागेपुढे मारा सुरू केला होता, म्हणजे कंपनीवरच. "आपलीच हुती ती," एवढेच ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तोफवाल्याचा काय दोस? त्याला काय दिसतंय?" स्वतःच्या दोषाबद्दल ते काही बोलले नाहीत. मरेपर्यंत रोज रात्री निजण्यापूर्वी ते घराच्या विजेच्या तारांवरून हात फिरवून येत. आजी रागावत. आम्हांला लहानपणी तो म्हाताऱ्याचा चाळा वाटे.

हे सारे आम्ही कोणाला सांगितले नसते. परंतु त्या मित्राचे पणतू याच शहरात, दुसऱ्या एका खात्यात, आमच्याहून बरेच वरच्या हुद्द्यावर आहेत. गणेशोत्सवात येथील मंडळात ओळख झाली, गावाची नावे निघाली आणि नाते उलगडले. ते सुट्टी काढून इटलीला निघाले आहेत. फोर्ली येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. जे कब्रस्तानात नाहीत, ज्यांना अग्नी दिला, त्यांचीही नावे तेथे कोरलेली आहेत. तेथे पणजोबांचे नाव शोधायचे, असे ते म्हणाले. मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या पणजोबांनी काही सांगितलं होतं का हो, त्या रात्रीबद्दल?"

"फारसं नाही," असे आम्ही म्हणालो. हे उत्तर अक्षरशः खरे होते. आमच्या कचेरीत अशी उत्तरे देण्याचा आम्हांला पुष्कळ सराव आहे.

घरी आलो ते अस्वस्थ होऊन. त्यांना खरे सांगायचे तर आपल्या पणजोबांची तुटलेली तार सांगावी लागणार, हे आमच्या गप्प बसण्याचे मूळ होते. त्यांना दुःख होईल ही सबब होती. आठ दिवस आम्ही ओमाहा, सेंट लो आणि सेन्यो पुन्हा पुन्हा वाचून काढले. त्यात आम्ही कसला आधार शोधीत होतो, हे आता कळते. इतक्या मोठ्या सेनापतींच्या हातून जे झाले ते एका शिपायाच्या तारेने झाले तर नवल काय, असे कोणीतरी म्हणावे, एवढीच आमची इच्छा होती. शेवटी हा मजकूर वर आहे तेथपर्यंत लिहिला आणि छापायला देण्यापूर्वी त्यांच्या घरी नेऊन दिला. तोंडाने सांगण्याचे धैर्य झाले नाही.

पाच-सहा दिवसांनी ते स्वतः कागद परत द्यायला आले. कुठेही खाडाखोड नव्हती. त्यांची आजी, म्हणजे त्या शिपायाची मुलगी, ऐंशी उलटून गेली तरी अद्याप गावी आहे. पेटी आली तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. तिला त्यांनी फोनवरून सगळे वाचून दाखवले होते. तोफांचा आणि विमानांचा भाग ती मुकाट्याने ऐकत राहिली. तारेचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ फोनवर आवाज आला नाही.

"मंग म्हणून जेवला न्हाई व्हय त्यो," असे ती म्हणाली. "आई मरेस्तोवर म्हणायची, माझ्या भाकरीत काय खोट हुती."