वीराची शिदोरी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा तेरा वर्षांचा भाचा आमच्याकडे सिल्लोडला आला होता. संगणकावर तो एक अद्भुत खेळ खेळत असे. त्यातला वीर राक्षसांचे पारिपत्य करीत रानोमाळ हिंडतो. एकदा मी सहज डोकावलो. वीराची पडशी पाव, फळे आणि भाजलेले मांस यांनी फुगलेली होती.

“हे केव्हाचे रे?” मी विचारले.

“खेळातले तीन महिने झाले, मामा.”

“आणि अजून नासले नाही?”

तो हसला. “या खेळात काही नासत नाही.”

माझी आई जवळच मिरच्यांचे देठ खुडीत बसली होती. ती म्हणाली, “मग तुझा वीर कुणाला जेवायला बोलवीत नसेल!”

भाचा गोंधळला, पण मला मात्र लहानपणचा एक पावसाळा आठवला. आमच्या तालुक्यात हिरव्या मिरचीचे पीक मोठे. त्या दिवशी वडिलांनी गोणी भरून ठेवल्या आणि नेमका नदीला पूर आला. रस्ता बंद झाला. तोडलेली मिरचीसुद्धा श्वास घेत असते. गोणीत कोंडली की स्वतःच्याच उबेने ती कुजू लागते आणि ओल मिळताच बुरशी धरते. आईने ते ओळखून पहिल्याच संध्याकाळी दोन गोणी आळीत वाटून टाकल्या. उरलेल्या गोणी वडिलांनी तिसऱ्या दिवशी मुकाट्याने उकिरड्यावर रित्या केल्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे मात्र कितीतरी दिवस आमच्या घरी कुणाकडून ताक येई, तर कुणाकडून भाजी.

ही हकिकत ऐकून भाचा म्हणाला, “अन्न नासते असाही एक खेळ आहे, मामा.” 2013 साली निघालेल्या ‘डोन्ट स्टार्व्ह’ या खेळात ठेवलेले अन्न आधी शिळे होते, मग बिघडते आणि शेवटी पार कुजते. बर्फाच्या पेटीत ते अधिक टिकते. मांस वाळवूनही ठेवता येते. कुजलेले अन्न मात्र शेताला खत म्हणून उपयोगी पडते. हे ऐकून मला मौज वाटली. आमच्या घरची वाळवणे, लोणची आणि उकिरडा हे सारे त्या परदेशी खेळात होतेच की!

भाचा स्वतःही एक छोटासा खेळ रचीत होता. तो म्हणाला, “माझ्या वीराचे अन्न नासू देऊ का? मग खेळ फार अवघड होईल.”

मी त्याला महाभारतातल्या सूर्याच्या थाळीची आठवण दिली. ती थाळी वनवासात पांडवांना हवे तेवढे अन्न देई. परंतु द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती ती रिकामी होई. दुर्वास ऋषी शिष्यांसह आले ते नेमके त्यानंतरच! थाळीला ही मर्यादा नसती, तर द्रौपदीवर संकट आले नसते आणि श्रीकृष्णाला धावूनही यावे लागले नसते. चमत्कारालाही हद्द असते, म्हणूनच गोष्ट घडते.

भाच्याने रात्रभर विचार केला असावा. सकाळी त्याने मला नवा नियम सांगितला. वीराची भाकरी तिसऱ्या दिवशी नासणार. पण त्याआधी त्याने ती वाटेतल्या भुकेल्या माणसाला दिली, तर तो माणूस त्याला पुढची वाट दाखवणार. मी काही बोललो नाही. फक्त त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सुटी संपली. निघताना आईने त्याच्या हाती दशम्यांची पुरचुंडी दिली.

“किती दिवस टिकतील, आजी?”

“दोन दिवस. पण गाडीत शेजारी कोण बसले आहे, ते आधी बघ.”